नुसतं तेल

"काका, आज वास नाही."

विशाखा हे बोलली तेव्हा शालिग्रामच्या हातात पुढच्या खाटेसाठी घेतलेला कापसाचा बोळा होता, आणि तो हातातच राहिला. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. वॉर्डातल्या बारा खाटांपैकी सात खाटा झाल्या होत्या, पाच उरल्या होत्या, आणि सगळं कसं रोजच्यासारखं सुरळीत चाललं होतं. तपकिरी बाटली तिरकी करायची, कापसावर दोन थेंब पाडायचे, बोळा उशीच्या खोळीच्या कोपऱ्यात खोचायचा, मग शेजारच्या स्टुलावर टेकून मुलाला विचारायचं, सांग बरं, कसला वास येतो? गेले दोन महिने तो हेच करत होता, आणि पन्नाशीला आलेल्या वॉर्डबॉयच्या आयुष्यात इतकं आवडणारं काम येऊ शकतं याचं त्याला अजून नवल वाटायचं. "आहे गं," तो म्हणाला. "आज जरा बारीक आहे, एवढंच." विशाखाने बोळा खोळीतून उपसला, नाकाला लावला आणि डोळे मिटले. सांधे सुजवणाऱ्या तापाने ती महिनाभर पडून होती. महिनाभर वॉर्डात असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला डॉक्टरांच्या खालोखाल मान असतो, आणि तो तिला पुरता ठाऊक होता. "नाही," ती म्हणाली. "तेलाचा आहे. नुसत्या तेलाचा. पहिलावाला नाही." आणि मग, त्याच्याकडे जरा रोखून बघत, "तुम्ही घेऊन बघा ना."

तिने बोळा पुढे केला. शालिग्रामने तो घेतला, नाकाशी धरला, छाती भरून श्वास ओढला, आणि एखाद्या जाणकारासारखी मान डोलावली. ही मान डोलवायची त्याची सवय जुनी, आठ वर्षांची. "असं होतं कधी कधी," तो म्हणाला. "बाटली थंडीने गारठली असेल. झोप आता." विशाखा झोपली नाही. छताकडे बघत राहिली. तिच्याशेजारी बसलेली तिची आई अंजनाबाई म्हणाली, "आठ-दहा दिवस नाक चोंदलेलं होतं हो तिचं. आज कुठं मोकळं झालंय. म्हणून वाटत असेल तिला." शालिग्रामने हो म्हटलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. पण नाक चोंदलेलं असताना वास येत नाही आणि मोकळं झाल्यावर येतो, हा साधा हिशेब अंजनाबाईंनी उलटा लावला होता, आणि ते त्याला कळलं होतं.

शालिग्रामला वास येत नव्हता. आजच नव्हे, या कापसाचाच नव्हे, कशाचाच येत नव्हता. फिनेलचा नाही, स्पिरिटचा नाही, मुलांच्या उलट्यांचा नाही, आणि ज्याच्यासाठी त्याला इथे बसवलं होतं त्या लॅव्हेंडर नावाच्या विलायती फुलाच्या तेलाचा तर जन्मात कधी आला नव्हता. प्लेगच्या साली अख्खं सुरत शहर नाकाला रुमाल बांधून फिरत होतं, तेव्हा रस्त्यावर उकरून काढलेल्या घाणीच्या ढिगाशेजारी हा उघड्या नाकाने चहा पीत उभा असायचा. लोकांना वाटायचं, काय धीराचा माणूस आहे. इस्पितळातही त्याचं नाव झालं ते त्यावरच. ज्या कामाला बाकीचे तोंड फिरवत ते हा न कुरकुरता करायचा. कोणी कौतुक केलं की तो संकोचाने हसायचा, आणि तो विनय आहे असं सगळे समजायचे. माणसाबद्दल इतके चांगले गैरसमज एकदम व्हावेत, हेही एक नशीबच.

मुलांच्या या वॉर्डाच्या डॉ. चैताली मागच्या वर्षी सहा महिने इंग्लंडला शिकून आल्या. घर मराठी, पण सुरतेतच वाढलेल्या, त्यामुळे घाईत गुजराती आधी यायची आणि मराठी मागून. तिथल्या एका मुलांच्या इस्पितळात नर्सा उशीवर सुगंधी तेलाचे थेंब टाकतात आणि मुलं झोपतात, हे त्यांनी पाहिलं होतं. इथे ट्रस्टींनी त्यांची थट्टा केली. आता औषधाच्या जागी अत्तर फवारणार का, म्हणाले. पण बाईंचा मुद्दा सरळ होता. इस्पितळातलं मूल दिवसभर सहन करतं, आणि दिवे लागले की त्याला समजतं, आज आपण घरी जात नाही. तिथून रडू सुरू होतं, ते मध्यरात्रीपर्यंत. आणि न झोपलेलं मूल लवकर बरं होत नाही. म्हणून बाईंनी स्वतः तिळाच्या तेलात लॅव्हेंडर कालवून एक मोठी बाटली भरली, एक वही आखली, तेल कधी लावलं, मूल कधी झोपलं, शेरा, आणि विचारलं, हे नेमाने कोण करील? मालती सिस्टरनी शालिग्रामचं नाव सांगितलं. बाईंनी बाटलीचं बूच काढून त्याच्या नाकाशी धरलं. "केवुं छे?" शालिग्रामने श्वास ओढला, मान डोलावली आणि म्हणाला, "फर्स्ट क्लास." तेवढ्या दोन शब्दांवर हे सुखाचं काम त्याला मिळालं होतं, आणि तेवढ्याच दोन शब्दांवर ते जाण्यासारखं होतं.

कधी काळी त्याला नाक होतं. नुसतं नव्हतं, नावाजलेलं होतं. पारोळ्याकडचं गाव सोडून तो कडोदऱ्याच्या एका डाइंगमध्ये लागला तेव्हा तिथे पॉलिस्टरच्या साड्यांना रंग चढायचा, आणि रंगाच्या पाण्यात ॲसिड बरोबर पडलंय की नाही हे बघायला कागदाच्या पट्ट्या असत. पण पट्ट्या कधी संपलेल्या, कधी भिजलेल्या, आणि डाइंग मास्टरला घाई फार. मशीनचं झाकण किलकिलं करून वाफेवर नाक धरायचं आणि सांगायचं, हे शालिग्रामला पहिल्याच वर्षी जमलं. "शालिग्राम, जरा सूंघ," मास्टर ओरडायचा. शालिग्राम हुंगायचा आणि म्हणायचा, कमी आहे, किंवा बरोबर आहे, आणि ते बरोबर निघायचं. दुसऱ्या पाळीचे लोक त्याला बोलवायला खोलीवर यायचे. त्या वाफेने नाकाच्या आत काय होतंय हे कोणी बघितलं नाही, त्यानेही नाही. नोकरीच्या पंधराव्या वर्षी कधीतरी वास पुसट झाला, मग कधी यायचा, कधी नाही, आणि एका सकाळी त्याच्या बायकोने, सुभद्राबाईने, दूध उतू घालवलं, सगळी चाळ करपल्याचं बोलली, आणि हा चुलीपाशीच बसून दाढी करत राहिला. त्या दिवशी त्याला कळलं. पण नाकावर नाव कमावलेल्या माणसाने नाक गेल्याचं सांगायचं कोणत्या तोंडाने? तो वाफेचा रंग बघून, फेस बघून, मास्टरच्या चेहऱ्याकडे बघून सांगत राहिला. वर्षभर निभावलं.

मग सुपडूचा तो लॉट आला. ॲसिड ओतायचं काम सुपडूचं होतं. त्या दुपारी कॅन रिकामा होता, सुपडू स्टोअरला गेला, तिथे खोळंबला, आणि जाण्याआधी अर्धं तरी ओतलंय असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ॲसिड पडलंच नव्हतं. मास्टरने विचारलं, सूंघ. शालिग्राम वाफेवर वाकला, मान डोलावली, बरोबर आहे म्हणाला. राणी रंगाच्या साड्या मशीनमधून निघाल्या त्या डागाडागांच्या, अंगावर नायटा उठावा तशा. मास्टर, शेठ, सगळे जमले. शालिग्रामला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी हुंगलं तेव्हा होतं. सुपडूने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर परवडलं असतं. सुपडू म्हणाला, "शालिग्राम म्हणतो म्हणजे असेल. मीच मापात चुकलो असेन बुवा." त्याच संध्याकाळी सुपडूला काढलं. पुढे त्याने कडोदऱ्याच्या नाक्यावर सायकलींच्या पंक्चरचं दुकान टाकलं असं ऐकलं. सहा महिन्यांनी शालिग्रामनेही डाइंग सोडलं, आणि तेव्हापासून बारडोलीला मेहुण्याकडे जायचं झालं तरी तो कडोदऱ्याचा नाका टाळून कामरेजवरून लांबचा फेरा घालून जायचा. सुभद्राबाई विचारायची, हा कोणता रस्ता. तो म्हणायचा, या बाजूला हवा चांगली आहे.

वास गेला तरी वासांची नावं राहिली, हे त्याला हळूहळू कळत गेलं. मांडणीवर डबे रिकामे आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठ्या मात्र शाबूत, तसं. नव्या दादर ज्वारीची भाकरी, सरकी, बैलाचं ओलं अंग, सुभद्राबाईच्या लग्नातल्या शालूची घडी. नाव घेतलं की काहीतरी हलायचं, पण हाताला लागायचं नाही. म्हणूनच मुलांना तो विचारायचा, आणि खरंच विचारायचा. मोठी माणसं मुलांना प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर खिशात ठेवून विचारतात, आणि मुलांना ते बरोबर कळतं. शालिग्रामच्या खिशात काही नव्हतं. खाट चारचा पोरगा म्हणाला, पेट्रोलचा, पप्पांच्या लूनाचा. शालिग्रामने पुढे विचारलं, चालू लूनाचा की बंद? पोरगा विचारात पडला. एक मुलगी म्हणाली, खमणचा. "खमणचा म्हणजे वरच्या फोडणीचा की आतल्या पिवळ्याचा?" तिने डोळे मिटले, आतल्या, म्हणाली, मग जरा वेळाने, नाही, कागदाचा, ज्यात बांधून देतात त्या. तिसरा म्हणाला, तापीच्या पुलाचा. पुलाला कसला वास रे? पुलाला नाही, पुलावर येतो तो, सायकलवर पुढे बसलं की. आणि सांगता सांगता शब्दांमधली अंतरं वाढायची, सायकल पुलाच्या मध्यावर पोचायची आणि तिथेच थांबायची. शालिग्राम उठायचा, वहीत वेळ लिहायचा, आणि शेऱ्याच्या रकान्यात आपल्या सातवी पास अक्षरात लिहायचा, तापीचा पूल. डॉक्टरबाई ते वाचून खूश व्हायच्या. त्या रिकाम्या डब्यांत रोज कोणी ना कोणी काहीतरी टाकून जात होतं, आणि शालिग्राम भरल्या मनाने बसने घरी जायचा.

हे सगळं त्याच्या डोक्यातून जाईपर्यंत उरलेल्या पाच खाटा झाल्या होत्या. हात आपलं काम करत होते. आठ वाजता पाळी संपली तेव्हा तो सामानाच्या कपाटापाशी गेला. कपाटाची किल्ली आया सरलाबाईकडे असायची, आणि ती तिला कंबरेला खोचून मिरवायला आवडायचं. आत खालच्या फळीवर दोन मोठ्या बाटल्या होत्या, दोन्ही तपकिरी, दोन्ही एकाच मापाच्या. एकीत बाईंनी कालवलेलं सुगंधी तेल, दुसरीत पुढच्या वेळी कालवायला ठेवलेलं नुसतं तिळाचं. सुगंधीच्या गळ्याला निळा दोरा, नुसत्याच्या गळ्याला पांढरा. दोऱ्यांची कल्पना त्याचीच. बाई तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, अरे, दोरा कशाला, बूच काढलं की कळतंच. तोही हसला होता. आणि आता निळ्या दोऱ्याकडे बघताना त्याला तो दिवस आठवला, मागच्या आठवड्यातला मंगळवार. फळी धुतली तेव्हा दोरे ओले झाले, त्याने सोडून खिडकीत वाळत घातले, आणि वाळल्यावर बांधायला घेतले तेव्हा कोणती बाटली कुठे ठेवली होती हे क्षणभर चाचपावं लागलं. डावीकडची सुगंधी, त्याने ठरवलं. दुसऱ्या कोणीही अशा वेळी बूच काढून हुंगलं असतं. झाडूवाल्यानेही हुंगलं असतं. ही चूक करायला जगात एकच माणूस लायक होता, आणि त्याच्याच हातात ते दोरे होते. त्याने दिवस मोजले. नऊ.

उद्या बघू, असं म्हणून तो घरी गेला. उद्या बघू हे शब्द माणसाला फार सोयीचे पडतात, पण उद्याला तुमची सोय ठाऊक नसते. शुक्रवारी दोन वाजता तो कामावर आला तेव्हा विशाखाने सकाळच्या राउंडलाच बाईंना सांगून टाकलं होतं, बाईंनी निळ्या दोऱ्याची बाटली उघडून पाहिली होती, आत साधं तेल निघालं होतं, आणि पांढऱ्या दोऱ्याची बाटली उघडायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण चोरी झालीय हे तोपर्यंत सगळ्यांचं ठरलं होतं. किल्ली कोणाकडे? सरलाबाईकडे. आणि महिन्यापूर्वी चहा पिताना ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, एवढं भारी तेल, पोरीच्या केसांना लावलं तर लग्न एका महिन्यात जमेल. तेव्हा सगळे हसले होते. आता तेच वाक्य प्रत्येकाला वेगळं आठवत होतं. मालती सिस्टरनी सरलाबाईकडून किल्ली काढून घेतली होती आणि उद्या दुपारी ट्रस्टींपुढे बोलावलंय असं सांगितलं होतं. सरलाबाई धुण्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. कंबरेला जिथे किल्ली असायची तिथे तिचा हात जाऊन परत येत होता. "शालिग्रामभाऊ," ती म्हणाली, "तुम्ही तर रोज तेल भरता. तुम्हीच सांगा ना यांना. वास कमी झाला असता तर तुम्हाला पहिला कळला नसता का?"

शालिग्राम उभा राहिला. मालती सिस्टर दारात होत्या, त्यांनीही विचारलं, "खरंच, शालिग्राम. तुम्हाला कसं नाही कळलं?" आता बोलायचं, त्याने ठरवलं, आणि तोंडातून निघालं ते असं, "जरा कमी वाटत होता खरा." हे वाक्य कुठून आलं हे त्याला कळलं नाही. सरलाबाईने मान खाली घातली. मग ती हळूच म्हणाली, "मग माझ्याच हातून कपाट उघडं राहिलं असेल कधी. कोणी येऊन नेलं असेल." आणि शालिग्रामला धुण्याच्या खोलीतल्या वाफेत एकदम राणी रंग दिसला. तीच वाफ, तीच खाली गेलेली मान, आणि त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून स्वतःच्या हातावर संशय घेणारं तेच माणूस. त्याला अतिशय लाज वाटली. ती लाज घेऊन त्याने संध्याकाळचं काम केलं. तेल नव्हतं, तेव्हा बोळेही नव्हते. तो स्टुलावर बसला पण काही विचारायला जीभ उचलेना. मुलं साडेनऊपर्यंत रडत होती असं दुसऱ्या दिवशी समजलं.

घरी सुभद्राबाईने ताट वाढलं. झाकण उचलता उचलता ती रोजच्यासारखी म्हणाली, "आज मेथी शे. लसूण जास्त टाकेल शे." शालिग्राम हात धुऊन बसला आणि घास हातात घेऊन थबकला. रोजच्यासारखी. ती रोज सांगायची. किती वर्षं? झाकण उचलायच्या आधी भाजीचं नाव, दूध तापलं की दूध तापलं, पावसात दार उघडलं की, माती भिजनी बरं का. त्याला वाटायचं, बाईला बडबड करायची हौस आहे. तो तिच्याकडे बघत राहिला. "काय देखतस?" ती म्हणाली. "तुले माहीत शे," तो म्हणाला. "मन्हं नाक." सुभद्राबाईने भाकरी मोडली, त्याच्या ताटात ठेवली. "दूध करपनं त्या दिनथून माहीत शे. तुम्ही सांगतस नही, मंग मी कसाले इचारू?" मग त्याने तिला सगळं सांगितलं. दोरे, सरलाबाई, आणि शेवटी, सात वर्षांनी, सुपडू. ती ऐकत राहिली. सुपडूचं ऐकून तिचा चेहरा कठीण झाला, आणि ते त्याला शिक्षेसारखं बरं वाटलं. उठताना ती एवढंच म्हणाली, "नाक गये तुमनं. जीभ तं शे ना जागावर?" त्या रात्री तो झोपला नाही. तसाही तो नीट झोपायचा नाहीच. बाराजणांना झोपवणारा माणूस घरी येऊन पंख्याची पाती मोजत पडायचा.

शनिवारी तो अकरालाच इस्पितळात गेला, धुतलेला शर्ट घालून. डॉ. चैताली खोलीत एकट्याच होत्या आणि वहीची पानं उलटत होत्या. "बाई, सरलाबाईने काही केलं नाही," तो म्हणाला. "पांढऱ्या दोऱ्याची बाटली उघडून बघा. मला वास येत नाही." बाईंना वाटलं, तो आजच्या सर्दीचं बोलतोय. "म्हणजे कधीच येत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी बाटली धरलीत तेव्हाही नव्हता येत." बाई उठल्या. त्यांनी पांढऱ्या दोऱ्याची बाटली मागवली, उघडली, हुंगली आणि टेबलावर ठेवली. मग स्पिरिटची बाटली उघडून त्याला म्हणाल्या, डोळे मिटा. त्याने मिटले. "आता?" काही नाही, तो म्हणाला. "अजून जवळ आहे. आता?" नाकात चुरचुरलं, डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. "नाही बाई." त्याने डोळे उघडले नाहीत, कारण पाणी थांबत नव्हतं आणि ते स्पिरिटचंच आहे असं त्याला स्वतःलाही खात्रीने सांगता आलं नसतं. डाइंगमधली वाफ त्याने सांगितली. सुपडूचं सांगितलं नाही. ते इथे सांगायचं नव्हतं.

बाई खुर्चीवर बसल्या. "माझी नऊ दिवसांची नोंद पाण्यात गेली, शालिग्रामभाई," त्या म्हणाल्या, आणि ते रागाने नव्हे तर थकून, म्हणून त्याला जास्त लागलं. त्यांनी वही पुढे ओढली, मंगळवारचं पान काढलं आणि बोट खाली खाली नेत गेल्या. बोटाचा वेग कमी झाला. "पाच-सात मिनिटं इकडेतिकडे," त्या पुटपुटल्या. "झोपलीत की मुलं." मग शेऱ्याचा रकाना. "नुसत्या तिळाच्या तेलाला खमणच्या कागदाचा वास?" त्या हसल्या, पुढचं पान उलटलं, पुन्हा हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. "तुम्ही हे का विचारायचात त्यांना?" शालिग्राम म्हणाला, "मला माहीत नसायचं म्हणून." बाईंनी पान परत मागे उलटलं. "पहिल्या महिन्यात तुमच्या सुट्टीच्या दिवशी बोळे मी लावायचे," त्या म्हणाल्या. "चांगलं तेल. मी विचारायची, छान वास आहे ना? मुलं हो म्हणायची आणि टक्क जागी राहायची. शेवटी रविवारी बोळे लावणंच सोडलं मी." त्यांनी पेन उचललं आणि नऊ दिवसांच्या कडेने एक उभी रेघ मारून लिहिलं, नुसतं तेल. "याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण नोंद खोडायची नाही. काम तुम्हीच करायचं. तेल मात्र सरलाबाई भरतील, हुंगून." आणि तो दारापाशी गेल्यावर, "काल सांगितलं असतं तर बाकावर बसलेली बाई घरी जेवली असती." शालिग्राम म्हणाला, "होय बाई."

सरलाबाईला किल्ली परत मिळाली. मालती सिस्टरनी ती हातात न देता टेबलावर ठेवली आणि माफ कर गं म्हणाल्या. शालिग्राम समोर जाऊन उभा राहिला तेव्हा सरलाबाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं. "दोन दिवस सिस्टर माझ्या केसांचा वास घेत होत्या, भाऊ," ती म्हणाली. "पोरीला सुद्धा नाही सांगितलं मी घरी. नाकच नव्हतं तर एका शब्दाने बोलायचं होतं. मी हुंगून दिलं असतं." चार वाजता तिने सगळ्यांना चहा दिला तसा त्यालाही दिला. त्याच्या चहात साखर नव्हती. एवढं त्याला कळलं, आणि त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

साडेसहाला तो वॉर्डात शिरला. लहान बाटली सरलाबाईने भरून ठेवली होती. विशाखा उशीला टेकून वाटच बघत होती, आणि सरलाबाईने तिला सगळं सांगितलं असणार, कारण तिने हात पुढे केला. "आधी मला." त्याने बूच काढून बाटली तिच्या हातात दिली. तिने वास घेतला, सावकाश, न्यायाधीशासारखं तोंड करून. "आहे," ती म्हणाली. "पहिलावाला." शालिग्रामने अकरा खाटा केल्या. तापीच्या पुलावरचा पोरगा घरी गेला होता. त्याच्या जागी नवीन आलेला म्हणाला, शाळेच्या बाकाचा. बाकाच्या वरचा की खालचा? खालचा, जिथे च्युइंगम लावतात तिथला. शेवटी तो विशाखाच्या स्टुलावर येऊन टेकला. अंजनाबाई डबा धुवायला गेल्या होत्या. "सांग," तो म्हणाला. "कसला वास येतो?"

"तुम्हाला खरंच काहीच येत नाही?"

"काहीच नाही."

विशाखाने हा मामला नीट समजून घेतला. मग ती कुशीवर वळली, बोळा गालाखाली घेतला, आणि आंधळ्याला रस्ता सांगावा इतक्या काळजीने सांगायला लागली. आधी थंड येतो. मग जरा कडू, पण औषधासारखा नाही. नंतर, थांबा हं, नंतर आमच्या रेल्वे क्वार्टरमागे गवत आहे ना, ते कापतात, आणि दुपारभर तसंच पडलेलं असतं, आणि संध्याकाळी आम्ही त्याच्यावर लोळतो, तसा. आईने धुतलेली चादर त्याच्यावर वाळत घातली असेल तर तसा. शालिग्राम ऐकत होता. गवत, तो मनात म्हणाला. ओलं की वाळलं, विचारायचं होतं. अर्धं, ती न विचारताच म्हणाली, खालून ओलं, वरून वाळलेलं. वॉर्डात कोणी रडत नव्हतं. चिठ्ठी लावलेला एक डबा त्याला दिसला, आणि आत काहीतरी होतं, थंड आणि जरा कडू. उद्या रविवार, त्याला आठवलं. सकाळच्या बसने कडोदऱ्याला जायचं. नाक्यावर उतरायचं, सुपडू पंक्चर काढत असेल, त्याच्यासमोर बसायचं आणि म्हणायचं, त्या दिवशी मला वास येतच नव्हता. तो काय म्हणेल, हाणेल की चहा मागवील, हे मात्र काही दिसेना. बस कामरेजच्या बाजूला वळली नाही, सरळ गेली. गवतावर चादर होती. मान एकदा छातीवर आली, त्याने ती उचलली, पुन्हा आली.

अंजनाबाई डबा घेऊन परत आल्या, आणि त्यांच्यामागून सरलाबाई वही मागायला आली. विशाखाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, मावशी," ती म्हणाली. "काका झोपलेत. वेळ लिहून घ्या."